खुर्चीला पाठ दिसत नाही

पाठराखण : वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

गेल्या खेपेला गाद्या-उशांवर लिहिलं, तेव्हा वाटलं होतं की आता महिनाभर कापूस बरा की फोम यावर वाद घालत बसावं लागणार. पत्रं आली ती भलत्याच वस्तूबद्दल. वर बसलेल्या माणसाला ‘नीट बसा’ म्हणून सांगणाऱ्या खुर्च्या आणि गाद्या! पूर्वी हे काम घरातल्या आज्या करायच्या, तेही बिनपगारी. असो. पाच पत्रं घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीने आमच्या मजल्यावर स्मार्ट खुर्च्या आणल्या. पुढे वाकलं की सीट थरथरते आणि मोबाइलवर संदेश येतो. पहिला आठवडा मी इमानदारीत ताठ बसलो. दुसऱ्या आठवड्यात खांदे आणि मानेचा मागचा भाग असा भरून आला की डोकं दुखायला लागलं. आता थरथर बंद करून ठेवली आहे. मॅनेजर चेष्टेत म्हणतात, ‘तुझा पोश्चर स्कोअर ५४ आहे.’ या खुर्चीला खरंच काही कळतं का? चूक माझी आहे की तिची? (वय ३१, हिंजवडी)

उत्तर : आधी तिला काय कळतं ते बघू. सीटच्या कापडाखाली पातळ संवेदक असतात. नेहमीचा प्रकार म्हणजे प्लास्टिकचे दोन पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये वीज वाहून नेणारी शाई. दाब पडला की वीज सहज जाते, दाब उठला की अडते. काही खुर्च्यांत त्याऐवजी वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तसला लोडसेल असतो. नेदरलँड्समधल्या एका प्रसिद्ध खुर्चीत असे सहाच संवेदक आहेत, चार बैठकीत आणि दोन पाठीत. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या हाँग टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जी खुर्ची मांडली, तिच्यावर तर ४२ गुणिले ४८ ठिपक्यांच्या दोन चादरी होत्या, एक बसायला, एक टेकायला.

सहा असोत की हजारो, सगळ्यांचं काम एकच : कुठे किती वजन पडलंय ते सांगणं. डावीकडे जास्त पडलं की यंत्र म्हणतं डावीकडे झुकलात. पाठीचे संवेदक रिकामे आणि पुढच्या दोघांवर भार, म्हणजे पुढे आलात. तुमचा कणा तिला दिसत नाही, मानही दिसत नाही. पाठ टेकवून, हनुवटी छातीला लावून तासभर मोबाइल बघा. खुर्ची तुम्हाला शाबासकी देईल.

माझीच गोष्ट सांगते. मागच्या वर्षी एका विक्रेत्याने तीन आठवडे वापरून बघा म्हणून अशी एक खुर्ची दवाखान्यात आणून ठेवली. दवाखाना जुन्या वाड्यात आहे, खाली शहाबादी फरशी. पहिल्या तासापासून अ‍ॅपचं एकच पालुपद : ‘तुम्ही डावीकडे झुकून बसता.’ सव्वीस वर्षं मी लोकांच्या पाठी तपासते आहे, त्यामुळे ते जरा लागलंच. आरशात बघितलं. बैठकीच्या हाडांखाली दोन्ही हात घालून भार चाचपला. शेवटी दवाखान्यातल्या मावशींना मागे उभं केलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, सरळच तर हाय की!’ मग मीच मनाची समजूत घातली की डाव्या गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, शरीर चोरून वागत असेल. दोन दिवस मुद्दाम उजवीकडे भार देऊन बसले आणि उजवा खुबा दुखवून घेतला.

तिसऱ्या दिवशी मावशींच्या हातून बादली लवंडली. पाणी खुर्चीच्या चाकांमधून गेलं आणि सरळ डावीकडच्या कोपऱ्यातल्या मोरीकडे वळलं. फरशीला उतार! वाडा बांधणाऱ्याने पाणी निघून जावं म्हणून ठेवलेला. आम्ही खुर्ची चार फूट सरकवून सपाट जागी लावली, आणि माझा स्कोअर त्या दुपारी ६१ वरून ८३ झाला. माझा कणा सकाळी जसा होता तसाच होता.

तेव्हा तुमच्या ५४ बद्दल पहिला सल्ला असा, की पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढून बसा आणि आकडा बघा. माझे निम्मे पुरुष पेशंट कार्डं, पावत्या आणि देवाचे फोटो असलेलं जाडजूड पाकीट एका कुल्ल्याखाली घेऊन बसतात. दुसरं, खुर्ची पहिल्यांदा लावताना ‘नीट बसा’ असं म्हणून तिने एक नमुना घेतला असेल. त्या क्षणी तुम्ही शाळेच्या फोटोला बसतात तसे बसला असाल, तर बिचारी दिवसभर तुम्हाला त्या फोटोशी ताडून बघते आहे.

आता खांद्यांचं. रिकामा हात समोर आडवा धरून पाच मिनिटं उभे राहा. हातात काही नसतानाही खांदा पेटतो, कारण स्नायू आखडलेला राहतो आणि त्याला सैल पडायला उसंत मिळत नाही. ताठ बसून राहताना पाठीच्या आणि मानेच्या स्नायूंचं तेच होतं. तुम्ही चुकीचं बसला नाहीत, एकाच तऱ्हेने फार वेळ बसलात.

‘ताठ म्हणजे चांगलं’ हे आमच्या व्यवसायानेच लोकांच्या डोक्यात भरवलं, हे कबूल करायला हवं. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसताना दाब जास्त आणि पुढे वाकून बसताना त्याहून जास्त, असं त्यांना दिसलं. तो तक्ता आम्ही कॉलेजात घोकला आणि पुढे दवाखान्यात भिंतीला टांगला. मग १९९९ साली जर्मनीत उल्म इथल्या विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या साधनाने पुन्हा मोजलं. उभं असताना ०.५ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक), न टेकता सैल बसलं तर ०.४६, आणि खुर्चीत चक्क घसरून, पोक काढून टेकलं तर ०.२७! त्यांनी एकाच माणसावर मोजलं होतं, तेव्हा त्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण तो जुना तक्ता मी भिंतीवरून उतरवला.

मग या खुर्च्यांचा उपयोग शून्य का? तसं नाही. नेदरलँड्समध्ये ४५ कार्यालयीन कर्मचाऱ्यांना थरथरणारी खुर्ची १२ आठवडे देऊन पाहिली. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. बसण्याच्या सवयीत किंचितच फरक पडला होता. मला नवल वाटलं नाही. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो ओरडतो, आणि घरातलं कुणी उठत नाही, त्यातलाच प्रकार.

दुसरीकडे बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या फिजिओथेरपिस्टांनी वेगळा प्रयोग केला. दुखणं अजून सुरू न झालेले, पण होण्याचा धोका असलेले १९३ कार्यालयीन कर्मचारी घेतले. खुर्चीवर ठेवायची संवेदकांची गादी आणि मोबाइल अ‍ॅप दिलं. त्यांच्या गादीने ताठ बसा म्हणून टुमणं लावलं नाही. एका गटाला ती ठराविक वेळाने उठायला लावायची, दुसऱ्या गटाला बसल्या बसल्या भार इकडून तिकडे हलवायला लावायची. सहा महिन्यांत मानदुखी नव्याने सुरू झालेले लोक या दोन्ही गटांत १७ टक्के होते, तर काहीच न सांगितलेल्या गटात ४४. कंबरदुखीत पटीतला फरक आणखी मोठा : ९ आणि ७ टक्के, समोर ३३. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच प्रयोगावर मी सहसा भाळत नाही, पण रोज माझ्यासमोर येणारी माणसं पाहून हे पटतं.

म्हणून थरथर पुन्हा चालू करा. फक्त तिचा अर्थ ‘ताठ हो’ असा न घेता ‘हल’ असा घ्या. थरथरली की मागे रेला. पुढच्या वेळी एक पाय खाली घ्या. त्याच्या पुढच्या वेळी उठून पाणी पिऊन या. टेबलावर लिटरची बाटली असेल तर ती घरी नेऊन छोटा पेला आणा, म्हणजे उठावंच लागेल. आणि मॅनेजरना नम्रपणे विचारा, हे ५४ नेमके कशातले? मी त्या विक्रेत्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘मॅडम, अल्गोरिदम.’

प्रश्न : आमच्याकडेही तशाच खुर्च्या आहेत. एचआरने संमतीपत्रावर सह्या घेतल्या. ‘आरोग्यासाठी’ एवढंच लिहिलंय. मी किती वेळ जागेवर असते हे त्यांना दिसतं का? विचारलं तर संशयी म्हणतील अशी भीती वाटते. (खराडी, पुणे)

उत्तर : दिसू शकतं. कुणी बसलंय की नाही, ही तर अशा गादीला कळणारी सगळ्यात सोपी गोष्ट. चीनमधल्या हांगझोऊ इथल्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांना अशाच गाद्या दिल्या होत्या, बैठक आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या. मग एचआरने एकीला विचारलं, तू रोज सकाळी अमुक अर्धा तास जागेवर का नसतेस? २०२१ च्या सुरुवातीला त्यावरून तिथे मोठा गदारोळ झाला. आणि एक गंमत (किंवा गंमत नव्हे) : २०११ साली टोकियोत एका संशोधक गटाने ३६० संवेदकांचं गाडीचं आसन बनवलं. चोराला गाडी चालवता येऊ नये म्हणून ते बसणाऱ्याला त्याच्या बुडावरून ओळखायचं, आणि प्रयोगात ९८ टक्के वेळा बरोबर ओळखायचं. म्हणजे तुमची बैठक बोटाच्या ठशासारखीच तुमची असते.

मी वकील नाही. पण सही करून झाली असली तरी तीन गोष्टी ई-मेलवर विचारायला काय हरकत आहे : माहिती कुणाला दिसते, नावानिशी की एकत्र, आणि मी नको म्हटलं तर साधी खुर्ची मिळेल का. एकटीने विचारू नका, पाच-सहा जणी मिळून विचारा. संशयी ठरायचंच असेल तर घोळक्यात ठरावं.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतो, अगदी वहीत नाक खुपसून. पोक येईल अशी सारखी भीती वाटते. क्लासमधल्या एका पालकांनी मुलाला अठ्ठावीस हजारांची सेन्सरवाली खुर्ची घेतली. हे म्हणतात हप्त्यावर घेऊ. घ्यावी का? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : नको. आधी टेप घ्या.

जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. मुलाला खुर्चीत बसवून, हात खाली सोडून, कोपरात काटकोन करायला सांगा. कोपर टेबलाच्या खूप खाली येत असेल, तर तो खांदे वर चढवून लिहितो आहे. बुडाखाली घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी द्या. मग पाय लोंबकळतील, तर पायाखाली पाट द्या. घरात पाट असेलच, नसेल तर जुन्या अंकांचा गठ्ठा सुतळीने बांधा. (आमचेच अंक असतील तर उत्तम, निदान पायदळी तरी उपयोगी पडतील.) सीटची कड आणि गुडघ्याची मागची खोबण यांत दोन-तीन बोटं जातील एवढी फट हवी. खुर्ची खोल असेल तर पाठीशी लोड लावा.

आता नाक खुपसण्याचं. डेन्मार्कचे शल्यविशारद ए. सी. मांडल यांनी फार पूर्वी लिहून ठेवलं आहे की शाळकरी मुलं लिहिताना खुर्चीचे मागचे पाय उचलून पुढे झुलतात, आणि आपण ओरडतो. मूल वात्रटपणा करत नसतं. सपाट टेबलावरचं अक्षर डोळ्यांजवळ यावं आणि खुबे मोकळे राहावेत म्हणून ते तसं करतं. त्यावर मांडल यांचा उपाय होता उतरतं टेबल. आपल्याकडे पेढीवरच्या मुनीमजींच्या पुढ्यात असायचं ना, तसलं! एक जाड फळी घ्या, मागच्या कडेखाली दोन जाडजूड गाइडं सरकवा, झालं. वाचायचं पुस्तक तर आणखी उभं हवं.

एवढं करूनही तो वहीला नाक लावतोय, तर डोळे तपासून घ्या. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. माझ्याकडे ‘पोक’ म्हणून आणलेल्या मुलांना मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचायला लावते, आणि काहींना तिथूनच चष्म्याच्या डॉक्टरांकडे पाठवते. त्याला कमरेत पुढे वाकवून मागून बघितल्यावर पाठीच्या एका बाजूला उंचवटा दिसला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. अठ्ठावीस हजारांच्या खुर्चीला तो दिसणार नाही.

आणि त्याला दर अर्ध्या तासाने काहीतरी आणायला पिटाळा. कोथिंबीर चालेल.

प्रश्न : आम्ही गुजरीत सोनारकाम करतो. गादीवर मांडी घालून, पुढे वाकून, दिवसाला नऊ-दहा तास. जावयाने सेन्सरची गादी दाखवली. दीड महिन्यापासून उजव्या पायात कमरेपासून करंगळीपर्यंत मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. गादीने फरक पडेल का? (वय ५२, कोल्हापूर)

उत्तर : गादीचा विषय बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जनकडे जा. पायातून चप्पल निसटलेली न कळणं म्हणजे मज्जातंतूची संवेदना कमी झाली आहे. टाचांवर चालून बघा. उजवा चवडा उचलत नसेल तर आठवड्याचीही वाट बघू नका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला बैठकीचा भाग बधिर वाटू लागला, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठा. चोळणं, मालिश, कुणाकडून कंबर ‘बसवून’ घेणं सध्या पूर्ण बंद.

तपासणी झाली की रिपोर्ट घेऊन मला पुन्हा लिहा. कामाची बैठक कशी बदलायची ते तेव्हा बघू. तुम्ही भिंग वापरता का आणि कामाची फळी जमिनीपासून किती उंच आहे, तेही कळवा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त, वय ७४. चिरंजीवांनी न्यू जर्सीहून स्मार्ट गादी पाठवली आहे. मी खुर्चीवर मांडी घालून पेपर वाचतो. मांडी घातली की ती पिंपिं करते, पाय सोडले की गप्प. सौ. वैतागली आहे, नातू हसतो. व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणतो, ‘बाबा, गादी सांगते तसं बसा.’ बसू का? (सांगली)

उत्तर : काका (परवानगी न विचारता म्हणते), गादीचा दोष नाही, तिचे संस्कार वेगळे. अशा यंत्राला आधी पुष्कळ माणसं बसवून नमुने शिकवतात : सरळ, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, पायावर पाय. तुम्ही बसलात की ती तुमचा नमुना त्यांपैकी सर्वांत जवळच्याशी जुळवते. मांडीत भार बाहेरच्या कडांना जातो आणि घोट्यांखाली दोन जादा ठिपके उमटतात. शिकवणाऱ्यांनी मांडी दाखवलेलीच नसेल, तर ती बिचारी तुम्हाला ‘वाकडे’ या रकान्यात टाकते. तुम्ही बँकेतले, रकान्याबाहेरची नोंद आली की काउंटरवर काय व्हायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मांडीने गुडघे दुखत नसतील तर खुशाल बसा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. खुर्ची चाकांची नको आणि फिरती नको. आणि उठायच्या आधी पाय खाली सोडून मिनिटभर थांबा, पाय जड झालेला असताना उठून पडलेली माणसं माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. पेपरचं एक पान संपलं की पाय बदला, सगळा पेपर संपला की हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. तोल जाईल असं वाटलं तर समोर ओटा किंवा खिडकीचे गज असू द्या.

गादी परत पाठवू नका, चिरंजीवांना वाईट वाटेल. अ‍ॅपमध्ये आवाज बंद करायची सोय असते, ती नातवाकडून शोधून घ्या. आणि मग त्यालाच एक दिवस मोबाइल हातात देऊन तिच्यावर बसवा. त्याचा स्कोअर किती येतो ते मला जरूर कळवा.